मुलगी जेवत नाही आणि फोनमधल्या मैत्रिणी तिला शाबासकी देतात: अशा वेळी काय करायचं?

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी १७ वर्षांची, अकरावीत. दहावीच्या सुट्टीत ‘जरा डाएट करते’ म्हणून सुरुवात झाली. आधी गोड बंद झालं, मग भात, मग पोळी. आता तीन महिने पाळी आलेली नाही. मध्यंतरी तिच्या फोनवर एक इंग्रजी ग्रुप सापडला. वेगवेगळ्या देशांतल्या मुली तिथे दिवसभरात काय खाल्लं याचा रोज हिशेब देतात, आणि जिने सगळ्यांत कमी खाल्लं तिचं कौतुक होतं. आईने फोन काढून घेतला, तर मुलीने होतं तेवढं खाणंही सोडलं. घरातले म्हणतात, ही वयाची थेरं आहेत, लग्न ठरलं की आपोआप जेवेल. आई विचारते: हे त्या ग्रुपमुळे झालं का? फोन परत द्यायचा का? आणि असे ग्रुप कोणी बंद का करत नाही?

ताई, मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. खाण्याच्या विकारांचे पेशंट माझ्या ओपीडीत बरीच वर्षं येत आहेत. तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण त्याआधी एक काम करा. याच आठवड्यात तिला फिजिशियनकडे किंवा बालरोगतज्ज्ञाकडे न्या. नाडी, झोपून आणि उभं राहून रक्तदाब, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि साखर, एवढं तरी बघायला सांगा. पाळी थांबली आहे म्हणजे शरीराने जगण्यापुरतं सांभाळून बाकीची कामं बंद करायला घेतली आहेत. दिवसा जागेपणी नाडी ५० च्या खाली असेल, चक्कर येऊन ती पडत असेल, छातीत धडधड होत असेल, पाणीही नाकारत असेल किंवा ‘जगून काय करू’ असं बोलत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा. रिपोर्ट नॉर्मल आले तरी निर्धास्त होऊ नका. या आजारात शरीर रक्तातले आकडे फार उशिरापर्यंत सावरून धरतं, आणि नॉर्मल रिपोर्टचा कागद हातात असताना तब्येत कोसळलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. याच्या उलट धोकाही आहे. खूप दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिलं तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने खाली येतं आणि ते हृदयावर बेतू शकतं. म्हणून किती आणि कशा वेगाने वाढवायचं हे सुरुवातीला डॉक्टरांनी ठरवावं.

‘थेरं’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा: २०११ मध्ये ३६ अभ्यास एकत्र करून केलेली एक पाहणी प्रसिद्ध झाली. ॲनोरेक्सिया, म्हणजे खाणं तोडत तोडत उपाशी राहण्याचा हा आजार, असलेल्या रुग्णांचा मृत्यूदर त्यांच्या वयाच्या इतर लोकांच्या जवळपास सहापट निघाला, आणि मृत्यू झालेल्यांपैकी पाचातला एक आत्महत्येने गेला होता. मानसिक आजारांत याहून घातक आजार फार थोडे आहेत.

आता पहिला प्रश्न. ग्रुपमुळे हे झालं का? बहुतेक वेळा नाही. आजार आधी सुरू होतो आणि ग्रुप नंतर सापडतो. १८७३ च्या सुमारास लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनी या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा इंटरनेट सोडा, घरोघरी वीजही नव्हती. अनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसलं आहे. स्वभावाचाही वाटा असतो: सगळं नीटनेटकं हवं असणाऱ्या, चूक मनाला लावून घेणाऱ्या, अभ्यासात पुढे असणाऱ्या मुली यात जास्त दिसतात. पण बाहेरून काय डोळ्यांसमोर येतं यानेही फरक पडतो. फिजीच्या नाड्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. हार्वर्डच्या ॲन बेकर यांनी त्या वेळी आणि पुन्हा १९९८ मध्ये तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. वजनासाठी मुद्दाम उलटी करते असं सांगणारी १९९५ मध्ये एकही मुलगी नव्हती. तीन वर्षांनंतर असं सांगणाऱ्या ११ टक्क्यांहून जास्त होत्या. अंगाने भरलेलं असणं चांगलं मानणाऱ्या समाजात हे घडलं, आणि तेही एकतर्फी टीव्हीने. टीव्ही परत बोलत नाही, हिशेब मागत नाही, रात्री अकराला ‘कशी आहेस’ म्हणून विचारत नाही. ग्रुप हे सगळं करतो.

तो कसा बोलतो ते तुम्हाला कळलं पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) तिच्या ग्रुपमधले मेसेज मला वाचून दाखवले. आत्याने आग्रह केला म्हणून तिने पुरणपोळीचा एक तुकडा खाल्ला होता आणि रात्री तिने ते ग्रुपवर लिहिलं. दोन मिनिटांत उत्तरं यायला लागली. रागावलं कोणीच नव्हतं. ‘रडू नकोस, उद्या आम्ही सगळ्या तुझ्याबरोबर उपाशी राहू,’ असं एकीने लिहिलं होतं. दुसरीने हृदयाची चित्रं पाठवली होती. ते वाचताना मुलीचे डोळे भरून आले होते. मी विचारलं, त्या रात्री घरात कोण काय बोललं? म्हणाली, ‘बाबा म्हणाले, एवढीशी पोळी खाल्लीस तर काय उपकार केलेस का?’

त्या मुलीच्या जागी बसून बघा, कोणाचं ऐकाल? या ग्रुपचं विष प्रेमाच्या बोलीत येतं, म्हणून ते ओळखू येत नाही. आजाराला तिथे एखाद्या मुलीचं असावं तसं नाव दिलेलं असतं, मैत्रिणीचा उल्लेख करावा तसा त्याचा उल्लेख होतो. न खाणं म्हणजे कर्तबगारी, घास घेणं म्हणजे हार, आणि जेव म्हणणारी आई म्हणजे अडथळा. घरच्यांपासून गोष्टी लपवायच्या कशा याचेही सल्ले दिले जातात. ते सल्ले मी इथे लिहिणार नाही, कारण हे वाचणाऱ्यांत एखादी आजारी मुलगीही असू शकते. पण लिहिणाऱ्या बहुतेक मुली स्वतः आजारी असतात हेही ध्यानात ठेवा. त्या तुमच्या मुलीच्या शत्रू नाहीत, त्याच खड्ड्यात आहेत.

एका प्रकारच्या लोकांना मात्र ही सवलत नाही. अशा ग्रुपांच्या आसपास ‘कोच’ म्हणवून घेणारे पुरुष फिरतात. मी तुला शिस्त लावतो म्हणतात आणि प्रगती दाखवायला अंगावर कमी कपडे असलेले फोटो मागतात. युरोपात असे प्रकार उघडकीला आले आहेत. तुमच्या मुलीशी कोणी अनोळखी माणूस खासगीत बोलत होता का, हे न ओरडता विचारा. तसं असेल तर मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि सायबर पोलिसांकडे जा. मुलगी १८ वर्षांखालची आहे, त्यामुळे पोक्सो कायदा लागू होतो. तिला आधीच स्पष्ट सांगा की यात तिचा काही दोष नाही.

ग्रुपचं म्हणणं तिला इतकं पटतं कसं, हे समजून घ्यायला मी पालकांना एक जुना प्रयोग सांगते. १९४४ च्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुण निवडले. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेली, स्वखुशीने आलेली, शरीराने आणि मनाने धडधाकट अशी ही मुलं होती. युद्धामुळे उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खायला घालायचं हे शोधायचं होतं. सहा महिने त्यांचा आहार जवळपास अर्धा केला गेला. यांतल्या कोणालाही बारीक व्हायचं नव्हतं, आरशाची भीती नव्हती, कोणता ग्रुप नव्हता. तरी काही आठवड्यांत ते दिवसरात्र अन्नाचाच विचार करायला लागले. पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागले, एकेक जेवण तास-तास लांबवू लागले, ताटातले पदार्थ विचित्र रीतीने कालवू लागले. चिडचिडे झाले, मित्रांपासून तुटले, हसणं गेलं. खाणं पूर्ववत झाल्यावरही मन ताळ्यावर यायला बरेच महिने लागले.

म्हणजे तुमच्या मुलीत आज जे दिसतंय, स्वयंपाकाचे व्हिडिओ बघत बसणं, इतरांना आग्रहाने वाढणं, मैत्रिणी टाळणं, जराशा बोलण्यावर उसळणं, त्यातलं बरंचसं उपाशी मेंदूचं वागणं आहे. ग्रुप त्यालाच इच्छाशक्ती म्हणतो. घरातले हट्ट म्हणतात. दोघांचंही चुकतंय. उपाशी मेंदूला एकाच विषयाचं वेड लागलेलं असतं आणि जगात फक्त त्या ग्रुपमध्येच चोवीस तास तोच विषय चालू असतो. म्हणून माझा आग्रह क्रमाबद्दल आहे: आधी अन्न, मग ग्रुप. ग्रुप सोडायला लावून जेवण सुरू झालेलं मी क्वचित पाहिलं आहे. जेवण सुरू होऊन काही आठवडे गेले की मुलीलाच तो ग्रुप परका वाटायला लागतो, हे मात्र पुष्कळदा पाहिलं आहे.

अन्न कसं सुरू करायचं? किशोरवयीन मुलींसाठी सगळ्यांत भक्कम पुरावा ज्या उपचाराला आहे, तो १९८० च्या दशकात लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमध्ये आकाराला आला. त्याचं सूत्र असं की सुरुवातीचा काळ खाण्याचे सगळे निर्णय आईवडिलांनी आपल्या हातात घ्यायचे, आणि वजन व मन सावरेल तसे हळूहळू मुलीला परत द्यायचे. आपल्या घरांना हे जमण्यासारखं आहे, कारण वाढणं आपल्याकडे अजून आईच्या हातात आहे.

प्रत्यक्षात ते असं दिसतं. ताट तुम्ही वाढायचं. वरण-भात, त्यावर तूप, पोळी, भाजी, डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात. ‘किती घेतेस?’ हे विचारायचं नाही, कारण तो प्रश्न तिला नाही, आजाराला विचारल्यासारखा होतो. ती म्हणेल, ‘तूप काढ.’ तुम्ही म्हणायचं, ‘तुला भीती वाटतेय ते मला दिसतंय. तूप राहील. मी इथेच बसले आहे.’ ती पोषणशास्त्रावर वाद घालेल, आकडे फेकेल, त्यात तुमच्यापेक्षा ती हुशार असणार. वादात पडू नका. तेच वाक्य शांतपणे पुन्हा म्हणा. रडेल, ताट सरकवेल, ‘तू माझी आई नाहीसच’ म्हणेल. ते ऐकणं फार जड जातं, मला माहीत आहे. तरी उठून जाऊ नका. जेवण झाल्यावर तासभर तिला एकटं सोडू नका. पत्ते खेळा, मालिका बघा, गच्चीवर बसा. वडिलांनी यात असलंच पाहिजे. एकीने वाढायचं आणि दुसऱ्याने ‘जाऊ दे, नको तर नको’ म्हणायचं, असं झालं की आजाराला बरोबर तेवढी फट पुरते.

आपल्याकडच्या दोन गोष्टींबद्दल वेगळं लिहिते, कारण परदेशी पुस्तकांत त्या सापडणार नाहीत. पहिली उपासांची. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलींची सुरुवात संकष्टी, गुरुवार, मग नवरात्राचे नऊ दिवस, अशी झाली आहे. घरात कौतुकच होतं, ‘या वयात किती श्रद्धा!’ खिचडी, वऱ्याचे तांदूळ मात्र ती खात नाही, नुसतं पाणी पिते, हे कोणाच्या लक्षात येत नाही. बरी होईपर्यंत तिचे सगळे उपास बंद. आजींना समजवा की आजारी माणसाला उपास लागू नसतो, हे आपल्याकडे पूर्वीपासून मानलेलं आहे. आजींनी स्वतः तिला ‘देवाला चालतं, तू जेव’ म्हटलं तर माझ्या दहा सल्ल्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

दुसरी गोष्ट नातेवाइकांच्या बोलण्याची. लग्नाकार्यात ‘किती छान बारीक झालीस गं’ हे तर घातक आहेच, पण बरी होत असताना प्रेमाने म्हटलेलं ‘आता तब्येत सुधारली हो!’ हेही तिच्या कानाला ‘जाडी झालीस’ असंच ऐकू येतं. सगळ्या मावश्या-काकूंना आधी फोन करून सांगा की तिच्या दिसण्याबद्दल चांगलं-वाईट काहीच बोलायचं नाही. आपल्याकडच्या काही मुली ‘मला जाड व्हायची भीती वाटते’ असं म्हणतही नाहीत. पोट फुगतं, गॅस होतो, भूकच नाही, अशा तक्रारी करतात आणि वर्ष-वर्ष पोटाच्या तपासण्यांत जातं. मुलग्यांमध्ये हा आजार जिम आणि ‘कटिंग’च्या (चरबी उतरवण्याच्या) नावाखाली लपतो, त्यांना तर कोणी विचारतही नाही.

आता फोन. परत द्या, पण सरसकट नाही. शिक्षा म्हणून काढून घेतलेला फोन तिच्या नजरेत ग्रुपचंच म्हणणं खरं करतो, की घरचे शत्रू आहेत. तुमच्याकडे तेच झालं. तिला सांगा, ‘मी रागाने फोन काढून घेतला, कारण मी घाबरले होते. फोन तुझाच आहे. पण तू आजारी आहेस, म्हणून काही दिवस नियम वेगळे असतील.’ जेवताना आणि जेवणानंतरच्या तासात घरात कोणाच्याच हातात फोन नको, तुमच्याही. रात्री दहानंतर सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. रात्रच या ग्रुपांची खरी वेळ असते.

मग एखाद्या बऱ्या दिवशी, पोटात अन्न असताना, तिच्या शेजारी बसा आणि विचारा, ‘त्या ग्रुपमध्ये तुला सगळ्यांत जवळची कोण आहे?’ पालक हा प्रश्न सहसा विचारत नाहीत, आणि बरंच काही त्यातच अडकलेलं असतं. मुलींना ग्रुप सोडवत नाही तो पुष्कळदा तिथल्या एखाद्या मैत्रिणीच्या काळजीने. मी गेले तर तिचं काय होईल, असं त्यांना वाटतं. ही काळजी खरी आहे, तिची टिंगल करू नका. ‘मी उपचार घेते आहे, तूही तुझ्या घरी सांग’ एवढा एक मेसेज लिहायला तिला मदत करा, आणि मग तुम्ही शेजारी बसून तिला ग्रुपमधून बाहेर पडायला मदत करा. त्यानंतर तिच्या फीडमधली तशी अकाउंट्स एकेक करून काढा. इन्स्टाग्राममध्ये आपल्याला काय सुचवलं जातं ते सगळं पुसून नव्याने सुरू करायची सोय आहे, ती वापरा. हे तिच्या हाताने व्हायला हवं. आणि जी जागा रिकामी होईल तिथे माणसं हवीत: शाळेतली जुनी मैत्रीण, मामेबहीण, तबल्याचा क्लास, काहीही. एकटी मुलगी दुसरा ग्रुप शोधेल.

‘बरं होणाऱ्यांचे’ ग्रुपही असतात. काही चांगले असतात, पण आजारपणातले फोटो आणि आकडे जिथे टाकले जातात तिथून लांब राहा. नाव बदललेलं असतं, स्पर्धा तीच असते. चॅटबॉटबद्दलही सावध. अमेरिकेतल्या खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या एका मोठ्या राष्ट्रीय संस्थेचा ‘टेसा’ नावाचा चॅटबॉट वजन कमी करण्याचे सल्ले द्यायला लागला म्हणून २०२३ मध्ये बंद करावा लागला होता.

तिसरा प्रश्न, बंद का करत नाहीत? प्रयत्न झाले आहेत. याहूने २००१ मध्येच अशी पानं काढायला सुरुवात केली. २०१२ मध्ये टंबलर, पिंटरेस्ट आणि इन्स्टाग्रामने नियम केले. इन्स्टाग्रामने काही हॅशटॅग बंद केले, तर मुलींनी स्पेलिंग बदलून नवे काढले. जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की या बदललेल्या हॅशटॅगांखालचा मजकूर आधीपेक्षाही जहाल होता. फ्रान्सच्या कनिष्ठ सभागृहाने २००८ मध्ये अशा चिथावणीला गुन्हा ठरवणारं विधेयक मंजूर केलं, पण त्याचा कायदा झाला नाही. ब्रिटनच्या २०२३ च्या ऑनलाइन सेफ्टी कायद्याने मात्र खाण्याच्या विकारांना उत्तेजन देणारा मजकूर मुलांपासून लांब ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं आहे, आणि मला ही दिशा बरोबर वाटते. कारण मुलींना त्या ग्रुपपर्यंत आणून सोडणारं यंत्र कंपन्यांचं आहे. फेसबुकचेच अंतर्गत कागद २०२१ मध्ये बाहेर आले, त्यांत लिहिलं होतं की ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत होतं, त्यांतल्या ३२ टक्क्यांना इन्स्टाग्राममुळे आणखी वाईट वाटलं. त्याच वर्षी अमेरिकेतले सिनेटर ब्लूमेंथल यांच्या कार्यालयाने १३ वर्षांच्या मुलीच्या नावाने एक चाचणी अकाउंट उघडलं. काही डाएटची अकाउंट्स फॉलो केली आणि लवकरच टोकाच्या उपासमारीची अकाउंट्स सुचवली जायला लागली. तुमच्या मुलीने ग्रुप शोधला नसेलही. हेल्दी नाश्त्याच्या रील्सपासून तो तिच्यापर्यंत चालत आला असण्याची शक्यता जास्त आहे. हे तिला सांगा. आपण वाईट नाही, आपल्याला ओढत नेलं गेलं, हे कळलं की मुलींना फार हलकं वाटतं.

तो ग्रुप आणि ती अकाउंट्स ॲपमध्ये रिपोर्ट जरूर करा, पण त्यामागे रात्री घालवू नका. एक बंद होतो, दुसरा उघडतो. तुमची ताकद जेवणाच्या ताटापाशी लागणार आहे.

लग्न ठरलं की जेवेल म्हणणाऱ्यांसाठी: लग्न झालेल्या आणि याच आजाराने उपचाराला आलेल्या बायका माझ्याकडे आहेत. सासरी जेवणाची चर्चा जास्तच होते, लपवणंही जास्त होतं. आत्ता, पहिल्या वर्षात उपचार सुरू झाले तर पूर्ण बरं होण्याची शक्यता चांगली असते. वेळ लागेल, महिने नाही तर वर्षंही, आणि मध्ये एकदोनदा मागे जाणं होईल. शहरात या आजारात काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघं एकत्र मिळाले तर उत्तम. जवळ कोणी नसेल तर १४४१६ वर टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, मराठीतून बोलता येतं, दिवसरात्र चालू असतं, आणि पुढे कुठे जायचं ते सांगतात. तुम्हाला स्वतःलाही त्याच नंबरवर बोलता येईल.

अकरावीच्या परीक्षेची काळजी तुम्ही प्रश्नात लिहिली नाहीत, पण घरात ती असणारच. उपाशी मेंदू अभ्यास धरत नाही, त्यामुळे गरज पडली तर एक सत्र सोडून द्या. कॉलेजला हजेरीच्या सवलतीसाठी वैद्यकीय पत्र लागेल, ते डॉक्टरांकडून पहिल्याच भेटीत मागून घ्या.